तळाशी कुणीतरी हवं

एप्रनच्या खिशातला फोन थरथरला तेव्हा ओक-हीचे दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटात होते. पुढ्यातल्या घंगाळात मुळ्याच्या फोडींचा डोंगर, त्यावर लसूण, आलं, खारवलेली कोळंबी आणि मिरचीची लालभडक पूड. सगळ्या शाळेला उद्या लागणारं मुळ्याचं तिखट लोणचं, किमची होतं ते. शाळेच्या स्वयंपाकघरात फोन आणायची बंदी होती, पण गेल्या महिन्याभरात ओक-हीनं ती एक दिवसही पाळली नव्हती.

"ताई, जरा माझ्या खिशातून काढता का?"

सुन-बोक ताई शेजारीच लसणाच्या पाकळ्या ठेचत होत्या. त्यांनी हात पुसले, आहारतज्ज्ञ बाईंच्या काचेच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि फोन काढला. "नवऱ्याचा असला तर कापून टाकते. पोरीचा असला तर कानाला लावते."

पोरीचाच होता. ताईंनी तो ओक-हीच्या कानाशी धरला.

"आई."

"बोल गं. जेवलीस का?"

पलीकडे नुसता श्वास. उथळ, घाईघाईचा, जिना चढून आल्यासारखा.

"सोदाम? जेवलीस का म्हटलं."

"आई, मला इथून घेऊन जा."

फोन ताईंच्या हातात होता, त्यामुळे त्यांनाही ते ऐकू गेलं. त्यांनी छताकडे पाहिलं, तिथल्या पंख्याला काहीतरी झालंय अशा नजरेनं. ओक-हीचे तिखटाचे हात तसेच हवेत राहिले. तळव्यांची आग होत होती, आणि ती आग तळव्यांतून छातीपर्यंत कधी चढली ते तिला कळलं नाही.

सोदाम तिची एकुलती एक. त्यांच्या यॉन्जू गावच्या माध्यमिक शाळेत तीन वर्षं पहिली आलेली. मोठ्या शहरालगतच्या डोंगरातल्या त्या नामांकित निवासी शाळेत तिची निवड झाली, तेव्हा ते राहत त्या इमारतीच्या फाटकावर पिवळा फलक लागला होता : 'आमच्या इमारतीची शान, नो सोदाम.' पाऊसपाण्यानं अक्षरं विरेपर्यंत तो कुणी उतरवला नाही. ओक-ही त्या फलकाखालून जाताना मान खाली घाली, आणि पुढच्या वळणावर मागे वळून बघे.

पण तिकडे त्या डोंगरात प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावचा पहिलाच होता. आणि पहिल्यांची रांग लावली तरी तिच्या शेवटी कुणीतरी उभं राहणारच. मार्चात सुरू झालेल्या दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत त्या जागी सोदाम होती.

ओक-हीची भीती तेव्हापासूनची. ती फोनवर सरळ काही विचारत नसे. लांबून लांबून विचारी. झोप लागते का, केस गळतात का, खोलीतली मैत्रीण रात्री खोलीतच असते ना. एकदा म्हणाली, "खिडक्यांना जाळी आहे का गं? डास येत असतील."

सोदाम म्हणाली, "आई, इथल्या खिडक्या पूर्ण उघडतच नाहीत."

त्या रात्री ओक-ही अंथरुणात पडून राहिली आणि खिडक्या उघडत नाहीत याबद्दल मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत राहिली.

*

"येऊ दे की घरी," ग्यू-सिक म्हणाला. तो रेल्वेच्या रुळांच्या देखभालीवर होता. संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून त्यावर पायाची नखं कापत बसायची त्याची सवय. "गावात तू काम करतेस तीच शाळा आहे की. जेवणाची तरी काळजी नाही."

"अहो, एवढं सोपं असतं का ते? शाळा बदलली हे कागदावर कायमचं उमटतं. कॉलेजवाले बघतात. का पळालीस, विचारतात. आणि हे वर्ष संपलं की मग बदलायचं म्हटलं तरी जमत नाही. तिसऱ्या वर्षाला कोण घेतं?"

"कोण सांगतं हे?"

"सगळे सांगतात."

"मला तर कुणी नाही सांगितलं."

"तुम्हाला रूळ सांगतात. रुळांना काय ठाऊक?"

तो हसला, पण नखं कापायचा थांबला. "मग ज्याला ठाऊक असेल त्याला विचार ना."

आणि ओक-हीनं विचारलं. तेच तिचं चुकलं. सोदामच्या वर्गातल्या आयांचा फोनवर एक गट होता. त्यात डॉक्टरांच्या बायका होत्या, वकिलांच्या होत्या, दोन प्राध्यापक होत्या. सव्वा वर्षात ओक-हीनं तिथं 'धन्यवाद' आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी भांडी घासून झाल्यावर, मागच्या दाराशी उकिडवं बसून, तिनं चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं : 'सोदामची प्रकृती बरी नसते. आमच्या गावातल्या साध्या शाळेत आणायचा विचार आहे. कॉलेजच्या प्रवेशाला अडचण येईल का? कुणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.'

गटात कुणीच काही बोललं नाही. पण संध्याकाळपर्यंत तिला निरनिराळ्या पाच आयांचे वेगळे निरोप आले. पाचही मायेनं ओथंबलेले. आणि शनिवारी सोदामच्या वर्गातल्या इह्योनची आई स्वतः गाडी चालवत यॉन्जूला आली.

जूनचे दिवस होते. गावाबाहेरच्या बागांमध्ये सफरचंदांवर कागदी पिशव्या चढवायचं काम चालू होतं. हिरव्या झाडांवर हजारो पिशव्या लोंबत होत्या, आत काय आहे ते पिकेपर्यंत दिसायचं नाही. बागेसमोरच्या कॉफीच्या दुकानात इह्योनची आई बसली होती. तिनं उठून दोन्ही हातांनी ओक-हीचे हात धरले. ओक-हीला आपल्या बोटांच्या लसणाच्या वासाची लाज वाटली.

"सोदामची आई, परकी समजू नका. मी तुम्हाला बहीण म्हणून सांगायला आलेय. काढू नका हो पोरीला."

"फार खंगलीय ती."

"सगळीच खंगतात. आमचा इह्योन नाही खंगला? पण तिथं तळाला असणं हे इथं वर असण्यापेक्षा बरं दिसतं. कॉलेजवाले रेकॉर्ड उघडतात ना, तेव्हा पहिल्याच पानावर दिसतं, शाळा बदलली. म्हणजे काय? झेपलं नाही. मैदान सोडलं. माझ्या चुलत नणंदेच्या मुलीनं हेच केलं. हुशार पोर. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, तिथून का निघालीस? रडली तिथंच. आता घरी बसलीय."

"मग काय करायचं?"

"डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत तरी दम धरा. मुलं शेवटी शेवटी सावरतात. आणि अगदीच नाही झालं, तर मग बघा ना. तुम्हाला कोण अडवतंय?"

जाताना तिनं गाडीतून एक लांबट खोका काढून दिला. आत गुलबी होते. खारवून वाळवलेले पिवळे मासे, गवताच्या दोरीत माळेसारखे एकाखाली एक ओवलेले. असे मासे ओक-हीनं दुकानाच्या काचेतूनच पाहिले होते. तिनं धावत जाऊन घरातली सगळी सुकवलेली सफरचंदं आणून त्या बाईच्या गाडीत ठेवली, तरी आपल्याकडून कमीच पडलं असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

"एवढ्या लांब स्वतः आली," ती ग्यू-सिकला म्हणाली. "परक्या पोरीसाठी कोण येतं हो?"

"हं," ग्यू-सिक म्हणाला. तो माशांकडे बघत होता. "खरंच, कोण येतं?"

पण ओक-हीनं सोदामला फोन करून सांगितलं. डिसेंबरपर्यंत काढ. माझ्यासाठी काढ. पुढं तुझंच भलं आहे.

सोदाम म्हणाली, "बरं."

आणि त्यानंतर तिनं आपणहून फोन करणं सोडलं.

फोन येई तेव्हा ओक-ही घाबरायची. आता तो येईना, तेव्हा तिला कळलं की आधीची भीती किती सुखाची होती. ती भाताच्या वाफेत उभी राही आणि खिसा चाचपी. पंखा घरघरला तरी तिला खिसा थरथरल्याचा भास होई. स्वप्नात तिला सोदामच्या खोलीच्या खिडक्या दिसत. पूर्ण उघड्या.

*

ऑगस्टच्या शेवटी सोदामचा वाढदिवस आला. ओक-हीनं फ्रीजमध्ये जपून ठेवलेले गुलबी काढले, मंद आचेवर भाजले, काटे एकेक करून काढले, गरम भात, पालेभाजी, अंड्याची गुंडाळी असा डबा भरला आणि बस धरली.

भेटीला आलेल्या पालकांसाठी शाळेच्या आवारात झाडाखाली बाकं होती. सोदाम आली. गणवेश खांद्यांवरून उतरला होता, जणू दुसऱ्याच कुणाचा घातला असावा. डोक्याच्या मधोमध, भांगाच्या बाजूला, नाण्याएवढी जागा कोरी दिसत होती. ओक-हीनं तिकडे पाहिलं आणि लगेच डब्याकडे पाहिलं. तिनं झाकण सावकाश उघडलं.

"बघ काय आणलंय. खा."

सोदामनं माशाकडे पाहिलं. "हा गुलबी आहे ना?"

"हो. काटे काढलेत सगळे."

"इह्योनच्या आईनं दिला तो."

"तुला कुणी सांगितलं?"

"वर्गात सगळ्यांना माहीत आहे."

"मग तर बरंच झालं. किती प्रेमानं आणला बाईनं."

सोदामनं मान वर केली. ती आईकडे बघत राहिली. बघताना तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू बदलत गेलं, पहाटे डोंगरावरचं धुकं हलावं तसं.

"आई, तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"आम्हाला श्रेणी कशी मिळते ते."

"मार्कांवर."

"नाही. डोक्यांवर. शंभर मुलं असली तर वरच्या चौघांना पहिली श्रेणी. मुलं कमी झाली की पहिल्या श्रेणीच्या जागाही कमी. रसायनशास्त्राला आम्ही आधीच थोडे. त्यातून मी गेले, की हिशेबात एक जागा उडते. पहिल्या श्रेणीतली सगळ्यांत खालची जागा. तिथं इह्योन आहे." ती अगदी सावकाश सांगत होती, लहान मुलाला समजवावं तसं. "मी तळाला आहे ना, आई. तळाला कुणीतरी हवं असतं. म्हणून सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. पेनं देतात. ताप आला की गोळ्या आणून देतात. 'सोदाम, जाऊ नकोस हं तू.' रोज कुणीतरी म्हणतं."

झाडावर किडे एका सुरात किरकिरत होते.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," सोदाम म्हणाली. "मला वाटलं, तू ठरवून घेतलेस मासे."

नाही गं, असं ओक-हीला म्हणायचं होतं. पण जून, जुलै, ऑगस्ट असे तिन्ही महिने तिनं मनात मोजले. तिन्ही महिने ही पोर या डोंगरात एकटी होती आणि आपल्या आईनं आपल्याला माशांच्या माळेच्या बदल्यात दिलं असं समजून झोपत होती. झोपत तरी होती का?

तिनं डब्याचं झाकण लावलं. फडक्याची गाठ मारली. "तुझे सर कुठे बसतात?"

"आई, आज रविवार आहे."

"मग त्यांचं घर कुठाय?"

वर्गशिक्षक बान सर वसतिगृहातच राहत होते. घरातल्या चपला घालूनच ते धावत आले. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"सर, मी शाळेत भांडी घासते. मला फिरवून सांगितलेलं कळत नाही. ती बाई बोलली त्यातलं किती खोटं?"

"वाईट हेच आहे, सोदामच्या आई, की सगळं खोटं नाही." ते चष्मा पुसत बसले. "इथले दीड वर्षाचे गुण तिच्या रेकॉर्डवर तसेच राहतील. ते पुसले जात नाहीत. शाळा बदलल्याचं दिसेल. काही कॉलेजं विचारतील, काही विचारणारही नाहीत, नुसतं बाजूला ठेवतील. तिकडे ती वर आली तरी लोक म्हणतील, सोप्या शाळेत वर आली. हे मी तुम्हाला लपवणार नाही."

"आणि इथंच राहिली तर?"

बान सरांनी बाकाकडे पाहिलं. सोदाम तिथं बसली होती, नकळत डोक्यातली ती कोरी जागा बोटानं चाचपत.

"मला मुलगी नाही," ते हळूच म्हणाले. "असती, तर मी तुम्हाला आज सामान भरायला मदत केली असती."

बुधवारी ग्यू-सिक आणि ओक-ही दोघं शाळा सोडल्याच्या कागदावर सही करायला गेले. आपण पोरीला वाचवतोय की तिचं सगळं पुढचं आयुष्य खोडून टाकतोय, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर ती खरंच सांगू शकली नसती.

*

"सोदाम आली वाटतं?" इमारतीतल्या बाया जिन्यात विचारत. "का हो, तिकडची शाळा बंद पडली का?"

"शाळेला आमची पोर झेपली नाही," ग्यू-सिक म्हणे आणि सायकल उचलून वर नेई.

सप्टेंबरच्या मध्यापासून सोदाम यॉन्जूच्या शाळेत जाऊ लागली. दुपारी जेवणाच्या रांगेत ती येई. पलीकडे टोपी, तोंडावर पट्टी आणि हातात डाव अशा सहा बायका उभ्या असत. कोण कोणाची आई ते नुसतं बघून ओळखू येण्यासारखं नव्हतं. सोदामनं सांगितलं नव्हतं आणि ओक-हीनं विचारलं नव्हतं, पण ओळख दाखवायची नाही, हे दोघींनी ठरवल्यासारखं पाळलं. सोदाम ताट पुढे करी. ओक-ही वाढी. एकमेकींकडे बघत नसत. पण ताट परत येई त्या खिडकीशी सुन-बोक ताई असत, आणि त्या दुरूनच भुवयांनी सांगत. अर्धं खाल्लं. पाऊण खाल्लं. ऑक्टोबरात एक दिवस त्यांनी रिकामं ताट उलटं धरून दाखवलं, आणि ओक-हीला भाजीच्या टोपात तोंड लपवावं लागलं.

डोक्यातल्या कोऱ्या जागेवर बारीक लव दिसू लागली.

आणि मग नवी भीती आली. सोदामचे नवे वर्गशिक्षक म्हणाले होते, राजधानी सोलच्या एका चांगल्या कॉलेजासाठी मुख्याध्यापक थोड्या मुलांची शिफारस करू शकतात. शाळेची शिफारस असली की शाळा बदलल्याचं तितकं टोचत नाही. डिसेंबरात गणितात पहिली श्रेणी आली, तर सोदामचं नाव निघेल. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पाचवी होती. तिच्या इयत्तेला पहिल्या श्रेणीच्या जागा पाच.

पाच, पण जेमतेम. इयत्तेत एक डोकं कमी झालं की चार.

आणि दानबी शाळा सोडणार असल्याची बोलवा होती.

दानबी ही तळाची. बाकावर डोकं ठेवून झोपणारी, नखांना निळा रंग लावणारी, रांगेत मोठ्यानं हसणारी. "मावशी, मुळा नको, मटण वाढा," म्हणणारी शाळेतली एकच मुलगी. एका दुपारी दोन आया स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आल्या. एक बँकेत होती, दुसरीचं औषधांचं दुकान होतं.

"सोदामची आई, तुम्ही रोज वाढता ना त्या दानबीला. तुमचं ऐकेल ती."

"मी काय सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? डिसेंबरची परीक्षा होऊ दे म्हणावं. मग काय ते कर. पोरीला जरा दोन तुकडे जास्त घाला. तुमच्या सोदामचंही त्यातच आहे हो. आमच्यापेक्षा जास्त तुमचंच."

ओक-ही हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

पण दुसऱ्या दिवशी तिच्या डावानं दानबीच्या ताटात मांसाचे जास्त तुकडे घातले. तिसऱ्या दिवशीही. ती स्वतःशी म्हणे, वाढत्या अंगाची पोर आहे. म्हणे, घरी कोण करतं तिला. सगळं खरंच होतं. पण डाव उचलताना तिच्या मनगटात जे कापरं भरे, ते मायेचं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ते मनगट तिला ओळखीचं वाटे. दोन्ही हातांनी तिचे हात धरणारं, गाडीतून लांबट खोका काढणारं.

एका शुक्रवारी दानबी ताट घेऊन थांबली, पुढे सरकेना.

"मावशी, तुम्ही हल्ली मला जास्त वाढता."

"खा की मग. चालायला लाग, मागे रांग आहे."

"सगळेच हल्ली माझ्याशी गोड झालेत. काल वर्गातल्या पहिल्या मुलीनं मला केक दिला. तिनं आजवर माझं नावही घेतलं नव्हतं." दानबी हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी गेले की कुणाचं तरी काहीतरी बुडतं म्हणे. मला तर शाळेत कधी कुणी मोजलं नव्हतं, मावशी. आता मोजतात."

"कुठं जायचं म्हणतेस तू?"

"आन्दोंगला. आत्याचं केस कापायचं दुकान आहे. ती म्हणते, नोव्हेंबरातच ये, माणूस हवाय. मला केस कापता येतात. खरंच येतात. इथलं मला काहीच येत नाही." तिनं आवाज खाली आणला. "काय करू? थांबू का?"

रांगेत दानबीच्या मागे दोन मुली, आणि त्यांच्या मागे सोदाम. ताट छातीशी धरून ती उभी होती. तिनं ऐकलं होतं, कारण तिची नजर जमिनीवर होती.

काउंटरची स्टीलची कड ओक-हीनं डाव्या हातानं घट्ट धरली. थांब, एवढं म्हटलं की झालं असतं. एकच शब्द, आणि तोही वाईट नव्हता. जगातली कुठलीही शहाणी बाई शाळा सोडणाऱ्या पोरीला थांबच म्हणाली असती. कुणाला संशयही आला नसता. सोदामलाही नसता आला.

आला असता. सोदामला आला असता.

"आत्या खरी आहे ना?" ओक-हीनं विचारलं. "फसवणारी नाही ना?"

"माझ्या बाबांची सख्खी बहीण आहे."

"राहायला जागा? रात्रीची शाळा असते तिकडे, ती करशील?"

"आत्या म्हणते, करवून घेईन."

"मग जा." ओक-हीचा आवाज पट्टीमागून इतका बारीक आला की तिलाच तो दुसऱ्याचा वाटला. "डिसेंबरची वाट कशाला बघतेस? आपल्यासाठी जायचं असेल तर आत्ताच जा. लोकांसाठी थांबू नकोस इथं."

दानबी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ताट पुढे केलं. "बरं मावशी. पण आज मटण जास्तच हं."

पुढच्या दोघी गेल्या. सोदाम आली. ताट पुढे केलं. ओक-हीनं वाढलं. डाव ताटाच्या कडेला वाजला, दोनदा, तीनदा. सोदामनं दुसऱ्या हातानं ताट घट्ट धरलं आणि ती निघून गेली. एकमेकींकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी सोदाम घरी आली, जेवली, अभ्यासाला बसली. काहीच बोलली नाही. ओक-ही दाराच्या फटीतून बघत होती. पाठ दिसत होती. पाठीवरून काय कळणार? दुसऱ्या दिवशीही तसंच. परीक्षेपर्यंत सगळं तसंच राहिलं. एकदा ओक-ही म्हणाली, "सोदाम, त्या दिवशी..." सोदाम म्हणाली, "आई, उद्या गणित आहे." मग ओक-ही ग्यू-सिकपाशी जाऊन बसली. तो म्हणाला, "बरोबर केलंस." ती म्हणाली, "तुम्हाला रूळच सांगतात." तो हसला नाही.

*

निकालाच्या दिवशी दुपारची भांडी आवरून झाली होती. सुन-बोक ताई घरी गेल्या होत्या. उद्याच्या सूपसाठी सोयाबीनचे मोड निवडायचे होते. ओक-ही मागच्या दाराशी पाटावर बसली होती. पुढ्यात मोठी परात, त्यात ढीगभर पिवळी डोकी आणि पांढऱ्या लांब शेपट्या. शेपट्या तोडायच्या, डोकी ठेवायची.

पावलं वाजली. तिला ती ओळखता आली, म्हणूनच तिनं वर पाहिलं नाही.

"पाचवी आले," सोदाम म्हणाली.

ओक-हीचे हात थांबले.

"पहिल्या श्रेणीच्या जागा चारच होत्या. सर म्हणाले, शिफारस आता दुसऱ्या कुणाची जाईल. ते म्हणाले, बाकीची कॉलेजं बघू. देगूचं आहे, आन्दोंगचंही आहे. तिथंही विचारतीलच म्हणाले, शाळा का बदललीस. उत्तर तयार ठेव."

थंडीनं सोदामच्या तोंडातून वाफ येत होती. गळ्यातली लोकरीची पट्टी एका बाजूनं सुटली होती. ओक-हीला ती नीट करावीशी वाटली, पण हात ओले होते.

"दानबीला जा म्हणालीस तेव्हा तुला ठाऊक होतं? असं होईल ते?"

ओक-हीला खोटं बोलता आलं असतं. तिनं परातीत पाहिलं. "हो."

"सगळं?"

"सगळं."

मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं, धप, धप, धप. आता ती वळेल, असं तिला वाटलं. वळून जाईल. जिन्याकडे जाईल की फाटकाकडे, ते ऐकायला तिनं श्वास रोखला.

सोदामनं दप्तर खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवलं. भाजीची रिकामी क्रेट पालथी घातली आणि आईसमोर बसली. बाह्या वर केल्या. परात दोघींच्या मधोमध ओढून घेतली आणि मोड निवडायला लागली.

तिला ते येत नव्हतं. शेपटीबरोबर डोकंही तुटत होतं. पिवळी डोकी खाली पडत होती, फरशीवर, तिच्या बुटांवर. ओक-हीनं तिला कसं करायचं ते सांगितलं नाही. तिनं वाकून एकेक तुटलेलं डोकं वेचलं, पाण्यात धुतलं, आणि परातीत परत टाकत राहिली.